आजार कुठल्या वयात गाठतो? मल्टिपल स्क्लेरोसिस आणि बाईचं आयुष्य

(आरोग्यगटाच्या अभ्यासवर्गात एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



हा विषय ठरला तेव्हा गटातल्या एक-दोघींनी विचारलं, "बायकांचे इतके आजार समोर असताना हा कुठला साहेबांच्या देशातला आजार काढलात?" प्रश्न रास्त आहे. रक्तक्षय, विनाकारण काढलेली गर्भाशयं, बाळंतपणातले मृत्यू यांवर आपण बोलत आलो आणि पुढेही बोलणार आहोत. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्याला सगळे एम.एस. म्हणतात, तो आपल्या चर्चेत यायला हवा याला कारणं आहेत. एक तर तो पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त होतो. दुसरं म्हणजे तो म्हातारपणाची वाट बघत नाही. जगभरात निदानाचं सरासरी वय ३२ आहे. शिक्षण, नोकरी, लग्न, मूल या सगळ्या गोष्टी ज्या वर्षांत घडतात, नेमका तेव्हाच तो येतो. आणि तिसरं, आज मला मुख्यतः जे सांगायचंय ते हे, की तो कुठल्या वयात सुरू झाला यावर तो कसा वागणार, औषध किती लागू पडणार आणि भोवतालची माणसं त्या बाईवर विश्वास ठेवणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरतं.

आधी आजार समजून घेऊ. मेंदू, डोळ्यांच्या नसा आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांच्यातले संदेश मज्जातंतूंवरून जातात. विजेच्या तारेवर जसं आवरण असतं तसं या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच या आवरणाला परकं समजून त्याच्यावर हल्ला करते. मग सूज येते, आवरण झडतं, संदेश अडखळतात, आणि वेळीच आवर घातला नाही तर खालची तारही तुटते. हल्ला कुठे झाला त्यावर लक्षणं ठरतात. एका डोळ्याने अंधुक दिसणं, डोळा हलवताना दुखणं, पायाला मुंग्या, कमरेखाली बधिरपणा, तोल जाणं, हात थरथरणं, लघवी रोखता न येणं, आणि विश्रांतीने न जाणारा थकवा. शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी जणांत तो 'अटॅक'च्या रूपाने येतो. अटॅक काही दिवस वाढत जातो, काही आठवड्यांनी ओसरतो, पुन्हा केव्हातरी येतो. उरलेल्यांत मात्र अटॅक न येता पहिल्यापासून हळूहळू चालणं बिघडत जातं. अटॅकवाल्यांपैकीही अनेकांना पुढे कधीतरी हा हळूहळू उतरणीचा टप्पा गाठतो.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. पाप, शाप, दृष्ट यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. एपस्टाइन-बार नावाचा एक विषाणू बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी होऊन जातो. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटी तरुण माणसांच्या नोंदी तपासून २०२२ साली असं दिसलं, की या विषाणूची लागण झाल्यानंतर एम.एस.चा धोका ३२ पटींनी वाढतो. अर्थात विषाणू झालेल्या हजारोंपैकी एखाद्यालाच एम.एस. होतो. त्यात अनुवंशिक ठेवण, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, पौगंडावस्थेतला लठ्ठपणा अशी आणखी कारणं मिसळतात. आईचा आजार मुलाला होईलच असंही नाही. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत अशा पन्नास मुलांमागे साधारण एकाला तो झालेला दिसतो.

आपल्याकडे हा आजार नाहीच असं फार वर्षं मानलं जायचं. एमआरआय आलं आणि तो दिसू लागला. मंगळूर शहरातल्या एका पाहणीत, जी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, लाख लोकसंख्येमागे साधारण आठ रुग्ण सापडले. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात त्याचं प्रमाण इतरांहून जास्त असल्याची नोंद १९९० सालीच झाली होती. म्हणजे युरोपच्या मानाने आपल्याकडे प्रमाण कमी, पण देशाची लोकसंख्या लक्षात घेतली तर बायांची संख्या थोडी नाही. आणि एमआरआय नसलेल्या तालुक्यात किती जणी 'पायात वारं भरलंय' म्हणून घरात बसून आहेत, ते कुठल्याच पाहणीत येत नाही.

आता इतिहासातली एक गोष्ट. या आजाराला स्वतंत्र ओळख दिली ती १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को या डॉक्टरने. हे रुग्णालय गरीब, निराधार बायकांचं होतं. आणि याच शार्कोने याच रुग्णालयात 'हिस्टेरिया'चाही अभ्यास मांडला. म्हणजे एकाच छताखाली, एकाच डॉक्टरच्या हाताखाली, काही बायकांना मज्जासंस्थेचा आजार असल्याचं कळलं आणि काहींना हिस्टेरिया. ही रेघ कुठे मारायची, हा प्रश्न तेव्हापासून बायकांचा पाठलाग करतोय. आज एक लक्षण आहे, चार आठवड्यांनी नाही, तपासणीत काही सापडत नाही, अशा बाईला "तुला काही झालेलं नाही" म्हणणं सोपं असतं.

आणि 'काही झालेलं नाही' हे म्हणायचं प्रत्येक वयासाठी वेगळं वाक्य तयार असतं. पंधराव्या वर्षी अभ्यासाचा ताण. पंचविसाव्या वर्षी लग्नाचं टेन्शन, नाहीतर सासरी काम नको म्हणून नाटकं. पस्तिशीत बाळंतपणानंतरचा अशक्तपणा. पन्नाशीत पाळी जाण्याचा त्रास, आणि त्यापुढे वय झालं. यातली प्रत्येक गोष्ट खरी असू शकते, म्हणूनच तर वाक्य खपतं. पण तपासल्याशिवाय ते कोणी म्हणायचं?

आता वयाकडे येऊ. वयाने एवढा फरक का पडतो? या आजारात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. एक सूज, म्हणजे हल्ला. दुसरी झीज, म्हणजे हल्ल्याने आणि हल्ल्याशिवायही हळूहळू तुटत जाणारे तंतू. तरुण शरीरात सूज जोरात असते, म्हणून अटॅक जास्त येतात. पण तरुण मेंदूकडे डागडुजीची ताकदही जास्त असते. आवरण पुन्हा चढतं, दुसरे मार्ग तयार होतात, आणि बाई पूर्वीसारखी चालायला लागते. वय वाढतं तसे अटॅक कमी होतात, पण डागडुजी मंदावते आणि झीज पुढे सरकत राहते. पंचविशीत पूर्ण ओसरेल असा अटॅक पंचेचाळिशीत मागे काहीतरी ठेवून जातो. हातातली औषधं प्रामुख्याने सुजेवर काम करतात. झिजेवर त्यांचा इलाज फार थोडा चालतो. हे एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

लहान मुलींपासून सुरुवात करू. शंभर रुग्णांतल्या तीन ते पाच जणांना हा आजार अठराच्या आत सुरू होतो. गंमत बघा, पाळी येण्याच्या वयाआधी मुलगे आणि मुली यांचं प्रमाण जवळपास सारखं असतं. वयात आल्यानंतर मुलींचं प्रमाण चढत जातं. संप्रेरकांचा यात हात असावा असं त्यावरून मानलं जातं. मुलांना अटॅक मोठ्या माणसांच्या दुप्पट-तिप्पट येतात, पण ती भराभर सावरतात. म्हणून घरच्यांना वाटतं, बरी झाली की! युरोपातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००७ साली आला. सोळा वर्षांच्या आत आजार सुरू झालेल्यांना कायमचं अपंगत्व यायला मोठेपणी सुरू झालेल्यांपेक्षा साधारण दहा वर्षं जास्त लागली. वाचायला बरं वाटतं. पण त्यांनी सुरुवातच इतकी आधी केलेली असते, की त्या टप्प्याला पोचताना त्यांचं वय इतरांपेक्षा दहा वर्षांनी कमी होतं. म्हणजे ऐन चाळिशीत. शिवाय वाढत्या मेंदूवर हल्ला होत असल्याने स्मरण, एकाग्रता, कामाचा वेग यांवर परिणाम होतो. हुशार मुलगी मागे पडते, शिक्षक म्हणतात लक्ष नाही, आणि घरात मुलगी असेल तर शाळा सोडवायला कारण लागतंच किती?

मुलांसाठी औषधांचा अभ्यास फार उशिरा झाला. २०१८ साली पहिल्यांदा अमेरिकेत फिंगोलिमोड ही गोळी दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्य झाली. दहा ते सतरा वर्षांच्या २१५ मुलांवरच्या चाचणीत जुन्या इंटरफेरॉन इंजेक्शनच्या तुलनेत अटॅकचं प्रमाण ८२ टक्क्यांनी कमी झालं होतं. म्हणजे लहान वयात चांगल्या औषधाने फार मोठा फरक पडतो. पण आपल्याकडे पालकांची भीती वेगळीच असते. औषध चालू आहे हे कळलं तर मुलीचं लग्न कसं जमणार? म्हणून औषध बंद करतात, डॉक्टर बदलतात, कागद लपवतात. ज्या वर्षांत औषधाचा सगळ्यात जास्त उपयोग असतो, तीच वर्षं आपण लग्नाच्या बाजारासाठी खर्ची घालतो.

दुसरा टप्पा विशी ते चाळिशीचा. बहुतेक बायकांना आजार इथेच गाठतो. इंग्लंडची जॅकलिन द्यू प्रे ही चेलोवादक जगभर गाजलेली. तिला १९७३ मध्ये निदान झालं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. वादन थांबलं आणि १९८७ साली, बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. तिच्या काळात आजाराची वाट अडवणारं एकही औषध नव्हतं. पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ साली आलं. २०१० मध्ये पहिली गोळी आली. २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमाब आलं, जे पहिल्यापासून हळूहळू वाढणाऱ्या प्रकारातही थोडं उपयोगी पडतं. अटॅकच्या वेळी शिरेतून तीन-पाच दिवस देतात ते स्टेरॉइड वेगळं. त्याने अटॅक लवकर ओसरतो, पण पुढचा अटॅक थांबत नाही. आजही कितीतरी जणींना फक्त स्टेरॉइड देऊन घरी पाठवतात आणि त्यांना वाटतं उपचार झाला. तो झाला नाही. पुढचे अटॅक रोखणारं औषध हाच या आजाराचा खरा उपचार, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितकं जास्त वाचतं.

या वयात प्रश्न येतो मुलाचा. पूर्वी डॉक्टर सरसकट सांगत, गरोदर राहू नकोस, आजार वाढेल. १९९८ साली युरोपातल्या बारा देशांतल्या २५४ बायकांच्या गरोदरपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चित्र पालटलं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक बरेच कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढतात, आणि मग पूर्वीच्या पातळीवर येतात. म्हणजे मूल हवं असेल तर एम.एस. आड येत नाही, पण नियोजन लागतं. टेरिफ्लुनोमाइडसारखी औषधं गर्भाला अपायकारक आहेत. फिंगोलिमोड दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं, आणि ते अचानक थांबवलं तर आजार उसळूही शकतो. काही औषधं दिवस राहीपर्यंत चालू ठेवता येतात. म्हणून औषध निवडतानाच डॉक्टरांनी विचारायला हवं, तुला मूल हवंय का, कधी, आणि तोवर गर्भनिरोधक काय वापरतेस? इथे माझा मुद्दा असा, की हा प्रश्न त्या बाईला विचारायचा, नवऱ्याला नाही आणि सासूला तर नाहीच. पहिल्या तीन महिन्यांत तिला विश्रांती, झोप आणि मदत लागते. रीत म्हणून माहेरी पाठवून मोकळं होणं पुरेसं नसतं. मूल नको असेल तर तोही निर्णय तिचा. "निदान एक तरी होऊ दे, मग बघू औषधाचं" असं म्हणून दोन-तीन वर्षं औषध थांबवलेल्या मुली माझ्याकडे व्यायामाला येतात, तेव्हा काठी हातात असते.

आपल्या भागात निदान करताना एक जास्तीची काळजी घ्यावी लागते, आणि तिचाही वयाशी संबंध आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एक आजार एम.एस.सारखाच दिसतो. त्यात बायकांचं प्रमाण एम.एस.हूनही कितीतरी जास्त, आणि तो साधारण चाळिशीच्या आसपास येतो. २००४ साली त्याचं रक्तातलं प्रतिपिंड सापडलं, त्यामुळे आता रक्ततपासणीने तो ओळखता येतो. हे महत्त्वाचं अशासाठी, की एम.एस.ची काही औषधं या आजारात दिली तर तो बिघडतो. लहान मुलांत मॉग नावाच्या प्रतिपिंडामुळे होणारा तिसराच आजार असतो. याशिवाय बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मेंदूचा किंवा मणक्यांचा क्षय हेही आपल्याकडे भरपूर. शाकाहारी, उपासतापास करणाऱ्या, सगळ्यांचं उरलेलं खाणाऱ्या बाईच्या पायाला मुंग्या आल्या तर आधी बी-१२ तपासायला हवं. ते साध्या इंजेक्शनने बरं होतं.

आता पन्नाशीपुढचा टप्पा, ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. शंभरातल्या साधारण पाच जणांना आजार पन्नाशीनंतर सुरू होतो. त्यात अटॅकपेक्षा हळूहळू चालणं बिघडण्याचा प्रकार जास्त, कारण मज्जारज्जूवर परिणाम अधिक असतो. पाय ओढला जातो, जिना चढवत नाही, लघवीची घाई होते. आणि ही लक्षणं तर सगळ्या म्हाताऱ्या बायकांना असतात, नाही का? म्हणून त्यांना मानेचा पट्टा देतात, गुडघ्याचं तेल देतात, कॅल्शियम देतात. निदानही अवघड असतं हे मान्य. रक्तदाब आणि मधुमेहाने या वयात मेंदूत पांढरे ठिपके पडतात, ते एमआरआयमध्ये एम.एस.सारखे दिसू शकतात. तेव्हा मज्जारज्जूचा एमआरआय आणि पाठीतलं पाणी तपासणं उपयोगी पडतं. या तपासणीची बायकांना फार भीती घालतात, पाय जातात म्हणून सांगतात. नीट केली तर पाय जात नाहीत. फार तर काही दिवस डोकं दुखतं.

पाळी जाण्याचा काळ याच टप्प्यात येतो. झोप न लागणं, थकवा, विसरणं, लघवीची घाई, हे त्यातही होतं आणि एम.एस.मध्येही. अंगातून वाफा निघतात तेव्हा शरीराचं तापमान वाढतं, आणि एम.एस.मध्ये उष्णतेने जुनी लक्षणं तात्पुरती वाढतात. आपल्या एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, गॅससमोर दोन तास उभ्या असलेल्या बाईचे पाय लटपटले तर तो नवा अटॅक असेलच असं नाही. गार पाणी, ओला पंचा, सावलीत अर्धा तास, आणि पाय पुन्हा उचलतो. पण त्यासाठी कोणीतरी पोळ्या लाटायला हव्यात. वैद्यकशास्त्राला न सुटणारा प्रश्न हाच.

औषधाचं काय? २०१७ साली ३८ चाचण्यांमधल्या २८ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. वय वाढतं तसा औषधांचा अपंगत्व रोखण्याचा परिणाम कमी होत जातो आणि सरासरीने बघता त्रेपन्नाच्या आसपास तो उरत नाही, असं त्या हिशोबात दिसलं. दुसरीकडे वयाबरोबर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, कारण ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. मग पंचावन्नाला औषध बंद करावं का? अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. पंचावन्न वर्षांपुढचे, पाच वर्षं अटॅक न आलेले २५९ रुग्ण घेतले. निम्म्यांनी औषध चालू ठेवलं, निम्म्यांनी थांबवलं. पुढच्या दोन वर्षांत चालू ठेवलेल्यांपैकी शंभरात पाच जणांना आणि थांबवलेल्यांपैकी शंभरात बारा जणांना नवा अटॅक आला किंवा एमआरआयमध्ये नवा डाग दिसला. बहुतेक वेळा तो नुसता डाग होता. म्हणजे थांबवणं पूर्ण बिनधोक नाही, पण पुष्कळ जणींना ते जमूही शकतं. हा निर्णय तिच्याशी बोलून, तिचे मागचे एमआरआय बघून, आणि थांबवल्यावर तपासण्या चालू ठेवून घ्यायचा असतो.

पण सरासरीचा आकडा हातात आला की तो कसा वापरला जाईल याची मला धास्ती वाटते. त्रेपन्नाचा आकडा म्हणजे फाटक नाही. पंचावन्नाव्या वर्षी अटॅक येत असतील, एमआरआयमध्ये नवे डाग दिसत असतील, तर सूज जागी आहे आणि औषधाला काम आहे. आणखी एक गोष्ट पाहा. या औषधांच्या बहुतेक चाचण्यांत पंचावन्नाच्या पुढची माणसं घेतलेलीच नव्हती. गरोदर बायकाही नव्हत्या. म्हणजे ज्यांच्याबद्दल निर्णय घेणं सगळ्यात अवघड, त्यांनाच अभ्यासातून वगळलं. मग म्हणायचं, पुरावा नाही! पुरावा आपोआप उगवत नाही, तो गोळा करावा लागतो. आणि औषध थांबलं म्हणजे उपचार थांबला असंही नाही. स्नायूंची ताकद राखणारा व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव, लघवीवरचा ताबा, हाडांची ठिसूळता तपासणं, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं, हे कुठल्याही वयात उपयोगाचं आहे. साठीच्या बाईला मी काय व्यायाम देणार, असं जेव्हा घरचे विचारतात तेव्हा मी विचारते, तिला संडासापर्यंत एकटीला जाता यावं असं तुम्हाला वाटतं की नाही?

पैशाचं बोलल्याशिवाय हे भाषण खोटं ठरेल. यातल्या काही औषधांचा वर्षाचा खर्च लाखांत जातो. पण सगळंच हाताबाहेर नाही. रिटुक्सिमाब हे मूळचं कर्करोगाचं औषध. २००७ पासून ते भारतातही बनतं, म्हणून तुलनेने स्वस्त पडतं, आणि एम.एस.मध्ये ते सर्रास वापरलं जातं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत एम.एस.साठी रिटुक्सिमाब, क्लॅड्रिबिन आणि ग्लॅटिरामर यांचा समावेश केला. सरकारी रुग्णालयांत ही औषधं मिळावीत म्हणून मागणी करायला ही यादी आपल्या हातात आहे. कायद्याचंही तसंच. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात एम.एस. नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलंय. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की आरक्षण आणि अनेक सवलतींवर हक्क सांगता येतो. अडचण अशी, की थकवा, अंधुक दिसणं, विसरणं डोळ्यांना दिसत नाही. तपासणीच्या दिवशी बाई चालत आली तर "हिला काय झालंय?" म्हणतात. म्हणून अटॅकच्या वेळचे सगळे कागद, एमआरआयच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ताब्यात ठेवायचे. घर सोडावं लागलं तर हेच कागद मागे राहतात.

आणि घर सोडायला लावतात, हे आपण सगळ्या जाणतो. नवऱ्याला आजार झाला तर बायको सेवा करते, बायकोला झाला तर "दुसरं लग्न करू दे त्याला" हे तिच्या माहेरच्यांनाही ऐकवलं जातं. एम.एस. झाला एवढ्या कारणाने हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट मिळत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, आणि औषधपाण्याचे पैसे अडवणं हीसुद्धा आर्थिक हिंसा आहे. लग्नाआधी आजार ठाऊक असेल तर मात्र तो लपवू नये. नैतिक म्हणून तर नाहीच, पण लपवलेली गोष्ट पुढे फसवणूक म्हणून कोर्टात तिच्याविरुद्धच मांडली जाते. सांगून जे लग्न मोडतं ते मोडलेलं बरं.

तर आपण काय करायचं? आपल्या केंद्रावर येणारी बाई म्हणाली की आठवडाभर एका डोळ्याने नीट दिसत नाही, किंवा कमरेखाली बधिर झालंय, तर तिचं वय बघून उत्तर देऊ नये. तिला न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवावं, शक्य तर कोणीतरी सोबत जावं. निदान झालेल्या मुलीची शाळा सुटू नये म्हणून शिक्षकांशी बोलावं. तरुण बाईला औषध, गर्भनिरोधन आणि मूल यांबद्दल तिचे प्रश्न कागदावर लिहून द्यावेत, म्हणजे डॉक्टरांसमोर ती गप्प बसणार नाही. आणि पन्नाशीपुढच्या बाईला विचारावं, शेवटची तपासणी कधी झाली, औषध कोणी बंद केलं आणि तुला विचारून केलं का? मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, तिच्याशी जोडून घेता येईल.

वयानुसार आजार बदलतो, औषध बदलतं, धोके बदलतात. हे शास्त्र आहे आणि ते आपण शिकून घेऊ. पण "हिच्यावर आता कशाला खर्च करायचा" हे वाक्य पंधराव्या वर्षी लग्नाच्या नावाने, तिशीत मुलाच्या नावाने आणि साठीत म्हातारपणाच्या नावाने म्हटलं जातं. त्यात शास्त्राचा काही भाग नाही. तिथे मात्र आपल्यालाच बोलावं लागेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.